बाटलीतली केळी आणि खालून वर जाणारा निरोप

कडेगावच्या आसपास निम्म्या गावांत मला ‘बाटलीवाल्या बाई’ म्हणतात. हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते बघायला मला अजूनही फार आवडतं. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्यानं शेजारणीला हळूच विचारलं, एवढ्या चांगल्या घरातली बाई आणि हा धंदा? मी मागच्याच खुर्चीवर होते. पुढं वाकून मी तिला सांगितलं की धंदा जोरात आहे, खोलीच्या खोली बाटल्यांनी भरलीय, आणि गिऱ्हाइकांत निवृत्त फौजी जास्त. आत्याबाई उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसल्या.

बाटल्या खऱ्या आहेत, पण त्यांत रोपं असतात. टिश्यू कल्चरची केळी आणि टिश्यू कल्चरचा ऊस. केस काळे होते तेव्हापासून मी या प्रयोगशाळेत आहे आणि आता तिची प्रमुख आहे, म्हणजे काही बिघडलं तर माझ्याकडे बघतात.

काम सांगायला सोपं आहे. केळीचा चांगला मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, आणायचा, सोलत सोलत त्याच्या अगदी गाभ्यापर्यंत जायचं, शेवटी नखाएवढा कोंब उरतो तो बाटलीत ठेवायचा. बाटलीत समुद्री शेवाळापासून केलेली जेली असते, त्यात साखर आणि क्षार. वर दिव्यांचा उजेड, खोली गार. कोंबाला कोंब फुटतात, ते वेगळे करायचे, पुन्हा बाटलीत ठेवायचे. एका चांगल्या केळीपासून तशाच हजार केळी. फक्त आत जंतू जाता कामा नयेत. आमच्या मुली तोंडाला फडकं बांधून, हात स्पिरिटनं पुसून, शिंक आली तर उठून बाहेर पळतात.

सुरुवातीच्या वर्षांत या मुलींनी खंडेनवमीला मोठ्या भक्तीनं चिमटे आणि सुऱ्या मांडून त्यांची पूजा केली. शस्त्रंच ती, पूजा करणारच. हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या. पुढच्या आठवड्यात बाटल्यांत अशी रांगोळी उमटली की बघत राहावं. काळी बुरशी, हिरवी बुरशी, एक तर सुंदर गुलाबी. सगळा माल उकळून फेकला. तेव्हापासून एक निवृत्त सुरी आम्ही केवळ पूजेसाठी ठेवलीय. ती वर्षभर कपाटात असते आणि एक दिवस मान घेते, आमच्या संस्थेच्या काही संचालकांसारखी.

मी मूळची साताऱ्याची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला झाडाचं काम मिळालं होतं. झाडाला संवाद नव्हते. मी घातले. राजकन्या रडत असताना तिला दोन उपदेशाचे शब्द सांगितले, मग जरा जास्तच सांगितले, शेवटी मास्तरांनी पडदा पाडला. झाडांच्या वतीनं बोलायची खोड तिथून लागली आणि पुढं तीच पोटापाण्याला उपयोगी पडली.

सुभेदार पवारांची ओळख या खोडीमुळेच झाली. फौजेतून निवृत्त, कडेगावच्या शिवारात ऊस, मिशा भरदार, रोज सकाळी पळायला जाणार. उसाला कंटाळून त्यांनी थोड्या रानात केळी लावायची ठरवली आणि रोपं बघायला आले. बाटल्यांच्या मांडणीपुढून ते परेड तपासल्यासारखे चालत होते. एका बाटलीपाशी थांबले. आत एक रोप होतं दुधासारखं पांढरं. पान पांढरं, देठ पांढरा. असं एखादं कधीतरी निघतं.

त्यांनी मला बोलावून सांगितलं की बाकी सगळी हिरवी नंतर दिली तरी चालतील, पण हे आज पाहिजे. अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नाही.

मी म्हटलं, साहेब, ते मातीत लावलं की उपाशी मरेल. बाटलीत आयती साखर आहे म्हणून जगलंय. त्यांचा विश्वास बसेना. मग मी त्यांना पेशीच्या घरात नेलं.

पेशी म्हणजे एक घर समजा. त्यात केंद्रक ही मालकाची गादी. तिथून हुकूम सुटतात. हरितलवक म्हणजे स्वयंपाकघर, उन्हाच्या आचेवर साखर शिजवणारं. गादीवरून स्वयंपाकघराला सामान जातं, माणसं जातात, एवढं शाळेत सगळे शिकतात. पण स्वयंपाकघरही गादीला निरोप पाठवतं, हे कुणी मनावर घेत नाही. चूल बरी चाललीय, जाळ फार झालाय, भांडं करपतंय, सगळं कळवतं. पांढऱ्या रोपात चूल रचतानाच बिघडलेली असते. स्वयंपाकघर वर सांगतं, इथं काही शिजणार नाही, सामान धाडू नका. आणि मालक शहाणा असतो, तो सामान थांबवतो. म्हणून हिरवा रंग धरायची तयारीच बंद पडते.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हंजे चौकीवरनं हेडक्वार्टरला रिपोर्ट. हेडक्वार्टर नकाशा बघत बसतंय, बर्फ किती पडलाय ते चौकीलाच ठावं.”

मला हा दृष्टान्त इतका आवडला की पुढं मी तो अनेक ठिकाणी स्वतःचा म्हणून वापरला. शास्त्रात या प्रकाराला प्रतिगामी संदेशन म्हणतात. गावात तो शब्द उच्चारला की लोक लगेच निवडणुकीवर येतात, म्हणून मी ‘खालून वर जाणारा निरोप’ म्हणते. निरोप घेऊन जाणारे नेमके कोण कोण, यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. काही निरोपे सापडलेत, काहींवर संशय आहे. पोलीस तपासासारखंच.

सुभेदारांना आता चव लागली होती. माणसात असलं काही असतं का, त्यांनी विचारलं. असतं तर. आपल्या पेशीत हरितलवक नाही, पण तंतुकणिका आहेत, अन्नातून शक्ती काढणाऱ्या भट्ट्या. तुम्ही पळता तेव्हा मांडीतल्या भट्ट्यांवर ताण येतो, त्या केंद्रकाला कळवतात की इथं कमी पडतंय. केंद्रक आणखी भट्ट्या उभारायचा हुकूम देतं. म्हणून महिन्याभरानं तोच चढ सोपा जातो. हे ऐकून सुभेदार खूश झाले, पवारांचं रक्तच तसं आहे म्हणाले. तेव्हा माझ्यातलं झाड पुन्हा बोललं. मी सांगितलं की या भट्ट्या एके काळी स्वतंत्र जीव होत्या, भाडेकरू म्हणून आल्या आणि घरच्याच झाल्या, अजूनही थोडी कागदपत्रं आपल्याच पेटीत ठेवून आहेत. आणि त्या आपल्याला मिळतात आईकडून. वडिलांच्या जवळजवळ नाहीतच.

त्यांनी खाली आपल्या मांड्यांकडे पाहिलं.

“म्हंजे मी पळत न्हाई,” ते म्हणाले, “माजं आजोळ पळतंय.”

त्यांनी केळीची मागणी नोंदवली. रोपं थेट माझ्याकडून न घेता रहिमतपूरच्या शबाना बागवानकडून घ्या, असं मीच सुचवलं, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

बाटलीतलं रोप सरळ शेतात लावता येत नाही. त्यानं ऊन पाहिलेलं नसतं, वारा पाहिलेला नसतो, साखर आयती खाल्लेली असते. त्याला बाहेरच्या जगाची सवय लावायचा मधला मुक्काम लागतो. आधी प्लॅस्टिकच्या बोगद्यात दमट हवेत, मग हिरव्या जाळीच्या सावलीत, मग सावली कमी कमी करत उघड्यावर. याला आम्ही हार्डनिंग म्हणतो. शबाना आमच्याकडे हे काम शिकून गेली होती. वनस्पतिशास्त्राची पदवीधर, बोलणं कमी, हात अतिशय हलका. रोपाच्या मुळांवरची जेली ती अशी धुवायची की रोपाला कळूही नये. तिचे सासरे इब्राहिमचाचा केळीचे जुने व्यापारी. दुकानामागं त्यांची मोकळी जागा होती. तिथं त्यांना केळी पिकवायची बंद खोली, रायपनिंग चेंबर, बांधायचं होतं. शबानानं तिथं जाळीची शेड घालू द्या म्हणून विनंती केली. चाचांनी मान्य केलं, पण एका खेपेपुरतं. ही खेप गिऱ्हाइकानं पसंत करून नेली तर शेड राहील, नाहीतर तिथं चेंबर.

शबाना मला रोज फोटो पाठवायची. पहिले काही दिवस ठीक होते. मग पानं मोठी होऊ लागली, गर्द हिरवी, रुंद, एकदम देखणी. घरातले सगळे खूश होते, असं ती लिहायची. मला ते फोटो बघून बरं वाटायच्या ऐवजी खटकत होतं. पान फार रुंद आणि फार पातळ झालं की समजावं, रोपाला काळोख वाटतोय. थोडं थोडं ऊन बसलं तर स्वयंपाकघर वर निरोप धाडतं, जाळ वाढतोय, जाड भांडी द्या. मग पुढची पानं आटोपशीर आणि जाड निघतात. इथं तसा निरोप जाताना दिसत नव्हता. मी तिला जाळी एकच आहे ना, असं विचारलं. हो मॅडम, एकच आहे, असं उत्तर आलं. उत्तर खरं होतं.

रहिमतपूरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट. चाचांनी कौतुकानं सगळे ट्रे दुकानासमोर सकाळच्या सावलीत मांडले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. बाजाराच्या गर्दीत सावली कधी सरकली ते कुणाला कळलं नाही, आणि ऊन चैत्राचं. दोन-तीन तासांत पानं पांढुरकी पडली, मग कडा तपकिरी झाल्या, मग माना खाली. चाचा संतापून आत निघून गेले होते आणि जाताना म्हणाले होते, उद्या माणसं बोलावतो, शेड काढायची.

सुभेदार नेमके तेव्हा माझ्याकडे चहा पीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. माझी रोपं आहेत तर मी बघायला नको का, म्हणाले, आणि जीप काढली. वाटेत मी त्यांना अवाक्षर बोलू दिलं नाही, कारण चाचांपुढं काय बोलायचं त्याची मी मनात तालीम करत होते.

शबानानं तोवर ट्रे पुन्हा जाळीखाली नेले होते. मी एकेक रोप बघत गेले. पानं गेली होती, त्यात शंका नव्हती. मग माझं लक्ष वर गेलं. जाळीच्या तारांना सुतळीचे तुकडे लटकत होते. पानांवर तागाचे बारीक तंतू होते. कोपऱ्यात ओल्या पोत्यांची चळत, नीट घडी घातलेली. मी शबानाकडे पाहिलं. ती ट्रेमधला एक खडा उचलत होती.

मी विचारलं, “कुणी टाकली?”

“मॅडम, नको,” ती म्हणाली.

एवढ्यात मला सगळं दिसलं. केळीच्या व्यापाऱ्याचा उभा जन्म एकाच काळजीत जातो, मालाला ऊन लागू द्यायचं नाही. घड आला की सावलीत, वर पाला, वर ओलं पोतं. चाचा वरवर कितीही कडक असले तरी रोपांवर त्यांचा जीव जडला होता, आणि जीव जडलेल्या मालावर त्यांच्या हातांनी आपोआप पोतं घातलं होतं. बाकीचं मला नंतर कळलं. शबाना सकाळी पोती काढायची, ते दुपारी पुन्हा घालायचे. एकदा तिनं धीर करून सांगितलं, तेव्हा केळी कशी सांभाळायची ते मला शिकवू नको, असं उत्तर मिळालं. ज्याच्या परवानगीवर शेड उभी होती, त्यालाच पुन्हा चूक दाखवायची तिला हिंमत नव्हती. आणि मी ती दाखवावी, हेही तिला नको होतं. म्हातारा माणूस गिऱ्हाइकासमोर खाली बघेल, त्यापेक्षा शेड गेलेली परवडली, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मी म्हटलं, ठीक आहे. आपण नाटक करू.

चाचांना बाहेर बोलावलं. रोपं का गेली ते सांगते, पण मला सांगून समजावता येत नाही, करून दाखवावं लागतं, असं म्हटलं. त्यांनी नको नको म्हणेपर्यंत मी त्यांना दुकानाच्या गादीवर बसवलं होतं. चाचा, तुम्ही केंद्रक. सगळे हुकूम तुमचे. चाचांना ही भूमिका शोभली, ते मांडी घालून ताठ बसले. सुभेदार सूर्य. त्यांना दारात, दूर उभं केलं. शबाना स्वयंपाकघर. तिला मी मधे स्टुलावर बसवलं. बाजाराचा दिवस असल्यामुळे भाजी घेऊन निघालेली माणसंही थांबली. प्रेक्षक असले की माझा आवाज आपोआप वर चढतो.

पहिला प्रवेश. सूर्य एक पाऊल पुढं येतो. स्वयंपाकघर गादीला कळवतं, जरा जाळ वाढलाय. गादीवरून हुकूम सुटतो, पुढचं पान जरा जाड काढा. चाचांनी तो हुकूम इतक्या रुबाबात दिला की एका भाजीवालीनं मान डोलावली. सूर्य आणखी एक पाऊल पुढं. पुन्हा निरोप, पुन्हा हुकूम. शेवटी सूर्य अगदी समोर आला तरी स्वयंपाकघर शांत. तयारी झालेली असते.

दुसरा प्रवेश. मी कोपऱ्यातलं एक पोतं आणलं आणि सूर्य आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये धरलं. सुभेदार पुढं सरकले. शबानाला ते दिसले नाहीत. ती गप्प. गादीवर चाचा निरोपाची वाट बघत बसले. सुभेदार आणखी पुढं आले. ती गप्प. चाचा म्हणाले, अगं, काही तरी कळव. मी म्हटलं, चाचा, तिला दिसतच नाही, ती काय कळवणार? आणि एकदम पोतं बाजूला ओढलं. सुभेदार तिच्या नाकापुढं उभे. शबाना खरोखरच दचकली आणि स्टूल लवंडलं.

लोक हसले. चाचा हसले नाहीत. ते माझ्या हातातल्या पोत्याकडे बघत होते. त्यावर त्यांच्याच दुकानाची खूण होती.

“निरोप वर आलाच न्हाई,” ते सावकाश म्हणाले. मग सुभेदारांकडे वळले. “साहेब, पोती मी घातली हुती. पोरीनं सांगितलं हुतं मला. मी ऐकलं न्हाई.”

शबाना उभीच होती. सुभेदारांनी काही तरी बोलायला हवं होतं, आणि त्यांनी ते बोलून मला आयुष्यभराचं ऋणी केलं. ते म्हणाले, आमच्या सेंटरला गावाकडची पोरं भरती व्हायची, पहिल्या दिवशी ग्राऊंडवर निम्मी आडवी. घरी पाठवली असती तर फौज कुठून उभी राहिली असती? मग मला विचारलं, “बाई, ही मेल्यात का आडवी पडल्यात?”

हा प्रश्न मला कुणीतरी विचारायला हवाच होता. मी एक रोप घेऊन सर्वांसमोर उभं चिरलं. बाहेरचे पापुद्रे मलूल, पण मधोमध पुढचं पान सुरळी होऊन बसलेलं, पिवळसर, रसरशीत. केळीचं असंच असतं. भाजलेलं पान सुधारत नाही, त्याचा नाद सोडायचा. पण भाजता भाजता त्यानं निरोप धाडलेला असतो, आणि आत घडत असलेलं पान त्या निरोपावर घडतं. मी सुभेदारांना सांगितलं, पुढचं पान बाहेर येईपर्यंत थांबा, ते बघा आणि मग ठरवा. सगळी वाचतील असं वचन मी देत नाही.

ते थांबले. चाचांनी शेड काढायचं बोलणं काढलं नाही, पण राहू दे असंही म्हणाले नाहीत. शबानाच्या डोक्यावर ते तसंच लटकत राहिलं. एक जाळी, सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं जास्त. काही ट्रे गेलेच. ती रोपं तिनं एकटीनं खतात टाकली, मला फोटो पाठवला नाही. त्या रोपांचं मला अजून वाईट वाटतं. बाटलीत त्यांना आमच्या मुलींनी तळहातावर वाढवलं होतं.

मग एके सकाळी फोन वाजला. चाचा स्वतः. आवाजात घबराट.

“बाई, ह्यास्नी गोवर आलाय.”

नवीन पानं आली होती, लहान, जाडसर, आणि त्यांवर लालसर तपकिरी डाग. मला हसू आवरेना. मी सांगितलं, चाचा, तो रोग नाही, ती उन्हाविरुद्धची तयारी आहे, ते डाग दिसले की आमच्याकडे पेढे वाटतात.  मग मला ऐकू आलं, ते फोन कानापासून दूर धरून घरभर सांगत सुटले होते की डाग चांगले असतात.

सुभेदार रोपं न्यायला आले तेव्हा मी मुद्दाम गेले. ट्रे दिवसभर उघड्या उन्हात होते आणि एकही पान झुकलं नव्हतं. त्यांनी एकेक रोप तपासलं, पानाला बोटांनी चिमटा घेऊन जाडी बघितली, काही बाजूला काढली, उरलेली जीपमागच्या ट्रॉलीत चढवली. जाताना पुढच्या हंगामासाठी आणखी रोपं सांगितली. शबानाला सांगितली, चाचांना नाही.

ट्रॉली वळणावर दिसेनाशी झाली तोच गवंडी आला, हातात टेप घेऊन. चाचांनी त्याला आधीच वेळ दिलेली होती. शबानाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गवंड्यानं शेडच्या खांबाला टेप लावला आणि चेंबरची भिंत कुठून घेऊ, असं चाचांना विचारलं.

“मला काय इचारतोस,” चाचा म्हणाले. “जागा तिची हाय. तिला इचार.”

गवंडी वळला.  शबानानं पदर खोचला, शेडच्या पार पलीकडे, दुकानाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि पायानं मातीत रेघ मारली. भिंत इथून घ्या, म्हणाली. चेंबरचं दार आणि हवा बाहेर टाकायचा पंखा शेडच्या बाजूला अजिबात नको, केळी पिकवायचा वायू माझ्या रोपांची पानं पिवळी करतो.

शेड आणि मागचा रस्ता एकाच अंगाला, तेव्हा शेडकडे दार नको म्हणजे चेंबरची रस्त्याकडे पाठ. रस्त्याकडे तोंड असलेलं चेंबर हे चाचांचं किती वर्षांचं स्वप्न, ते अख्ख्या बाजाराला माहीत होतं. गवंडी टेप धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही बघत राहिले, माझ्या आयुष्यात मी इतकी गप्प फार कमी वेळा बसलेय.

चाचांनी त्या रेघेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. 

“ऐकलंस न्हवं?” ते गवंड्याला म्हणाले. “घे माप.”